बुळकांडीचें निर्मूलन आणि डॉ. वॉल्टर प्लाउराइट

आजच्या भाषणासाठीं मीं निवडलेला विषय ऐकून कित्येकांना नवल वाटेल. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाचा गुरांशीं संबंध आतां दुधाच्या पिशवीपुरताच उरला आहे. तेव्हां गुरांच्या एका रोगाची, आणि त्यावर लस शोधणाऱ्या एका पशुवैद्याची हकीकत त्यानें कां ऐकावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, मनुष्यजातीनें आजवर अगणित रोगांशीं झुंज घेतली, पण मुळासकट उपटून टाकले असे रोग अवघे दोन. पहिला देवीचा, तो पृथ्वीवरून गेल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. दुसरा बुळकांडी, त्याची घोषणा २०११ सालीं झाली. देवीची लस काढणारा जेनर शाळेंतल्या पोरासही ठाऊक असतो. बुळकांडीची लस सिद्ध करणाऱ्या वॉल्टर प्लाउराइट यांचें नांव मात्र, माझ्या सगळ्या नोकरींत जीं क्रमिक पुस्तकें हाताखालून गेलीं, त्यांतल्या एकांतही माझ्या दृष्टीस पडलें नाहीं.

हा रोग काय होता तें तरुण श्रोत्यांना सांगितलें पाहिजे, कारण त्यांनीं तो पाहिलेला नाहीं. गाय, बैल, म्हैस हीं त्याचीं मुख्य भक्ष्यें. रानांतले रेडे आणि हरणें यांनाही तो सोडीत नसे. प्रथम भडकून ताप येई, डोळ्यांतून व नाकांतून पाणी गळूं लागे, हिरड्यांवर आणि जिभेखालीं कोंडा पसरावा तसे व्रण उठत, आणि मग दुर्गंधियुक्त ढाळ सुरू होऊन आठ-दहा दिवसांत जनावर आटपे. ज्या मुलखांत तो पूर्वीं आलेला नसे तेथें शंभरांतलीं ऐशीं-नव्वद गुरें तो नेई. माणसाला तो होत नसे. परंतु आपल्या मुलांना होणारा गोवर आणि हा रोग यांचे विषाणु एकाच कुळांतले आहेत, हें पुढें सिद्ध झालें.

युरोपांत अठराव्या शतकांत या रोगानें इतका कहर केला कीं, लिऑं येथें १७६२ सालीं उघडलेली जगांतली पहिली पशुवैद्यक शाळा मुख्यतः त्याच्याच धास्तीनें जन्मास आली. १८८७ सालीं तो पूर्व आफ्रिकेंत शिरला आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोंकापर्यंत पोंचला. इथिओपियांत नांगर ओढायला बैलच उरले नाहींत. त्यानंतर पडलेल्या दुष्काळांत तेथील सुमारें एकतृतीयांश प्रजा नाहींशी झाली असा अंदाज करतात. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझिलकडे निघालेलीं कांहीं गुरें वाटेंत अँटवर्प बंदरीं उतरलीं, त्यांच्याबरोबर हा रोग बेल्जियममध्यें उतरला, आणि त्या धक्क्यानें जागीं होऊन अनेक राष्ट्रांनीं १९२४ सालीं पॅरिस येथें पशुरोगांची आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली.

आपल्याकडे तर हा रोग घरचाच. खेड्यांत सांथ आली म्हणजे मरीआईला साकडें घालावें, शेजारच्या गांवचीं गुरें वेशींत येऊं देऊं नयेत, याउपर कुणब्याच्या हातीं कांहीं नसे. बैलजोडी गेली म्हणजे पेरणी गेली, आणि पेरणी गेली म्हणजे सावकाराचा उंबरठा आला. हिंदुस्थानांतील या रोगाच्या शास्त्रीय संशोधनाचा आरंभ पुण्यांत झाला ही गोष्ट पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसेल. १८८९ च्या डिसेंबरांत पुण्याच्या सायन्स कॉलेजांत ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ निघाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे तिचा कारभार आला. पण गुरांनीं गजबजलेल्या मुलखांत इतक्या सांसर्गिक रोगाचे प्रयोग करणें म्हणजे गवताच्या गंजीशेजारीं चूल मांडणें होय. म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या पहाडांत, दाट जंगलांनीं वेढलेल्या मुक्तेश्वरास हलविण्यांत आली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा उगम तो हाच.

त्या काळचा उपाय मोठा धाडसाचा होता. रोगांतून वांचलेल्या जनावराच्या रक्तांतील पाण्यासारखा भाग, ज्याला सिरम म्हणतात, तो एका बाजूस टोचावयाचा, आणि त्याच वेळीं दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष रोगी रक्त टोचावयाचें. सिरमनें जनावर तरावें आणि रोगानें त्याला पुढची शक्ति द्यावी, असा हिशेब. हिशेब चुकला तर जनावर मरे. शिवाय रोगी रक्ताबरोबर रक्तांतले दुसरे सूक्ष्म परोपजीवीही आंत जात. हे परोपजीवी गाळले जावेत एवढ्याच हेतूनें मुक्तेश्वरचे जे. टी. एडवर्ड्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत बुळकांडीचा विषाणु एका बोकडांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, असा फिरविण्यास सुरुवात केली. शेंकडों पाळ्या झाल्यावर आढळलें कीं, बोकडांना सरावलेला तो विषाणु गाईबैलांना पूर्वीइतका बाधत नाहीं, आणि तरीही रोगापासून रक्षण करतो! शोधावयास गेले एक आणि हातीं लागलें दुसरेंच. पुढें १९३० नंतर, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतांत, स्टर्लिंग यांनीं सिरमचा आधार न घेतां नुसती ही बोकडाची लस टोचून पाहिली व ती देशी गुरांना मानवते असें दाखवून दिलें. त्याच सुमारास कोरियांत जपानी शास्त्रज्ञ नाकामुरा हे सशांमध्यें विषाणु फिरवून तसाच मार्ग काढीत होते.

मात्र बोकडाची लस म्हणजे सौम्य केलेला रोगच होता, आणि ‘सौम्य’ हा शब्द सैल असतो. माझ्या लहानपणीं टोचणारे लोक गांवीं येत. त्यानंतर बैल दोन-चार दिवस मलूल पडे, गाय आटे. म्हणून जाणते शेतकरी आपलीं निवडक गुरें त्या दिवशीं रानांत दडवून ठेवीत, आणि सरकारी कागदावर ‘सर्व गुरें टोचलीं’ अशी नोंद होई! विलायती व संकरित गुरांना तर ती लस फार जड जाई. सर्व जातींच्या, सर्व वयांच्या जनावरांना निर्धास्तपणें देतां येईल अशी लस अजून व्हावयाचीच होती.

वॉल्टर प्लाउराइट यांचा जन्म इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यांत होल्बीच येथें २० जुलै १९२३ रोजीं झाला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजांतून ते १९४४ सालीं उत्तीर्ण झाले, युद्धाच्या धामधुमींत लष्करी पशुवैद्यक दलांत गेले, आणि तेथून सुटल्यावर १९५० च्या सुमारास वसाहतींच्या पशुवैद्यक नोकरींत शिरून केनियास आले. मध्यें कांहीं काळ नायजेरियांत काढून ते पुनः केनियांत परतले. नैरोबीनजीक मुगुगा येथें पूर्व आफ्रिकेची पशुसंशोधन संस्था होती. तीच त्यांची कर्मभूमि झाली. वसाहतींतील अधिकाऱ्यांविषयीं आपल्या मनांत सहसा प्रेम नसतें, आणि तें असावें असें मी म्हणत नाहीं. परंतु हा गृहस्थ साहेबी थाट मिरविण्यासाठीं तेथें गेला नव्हता, हें त्याच्या कामावरून दिसतें.

विषाणु हा जिवंत पेशींतच वाढतो. त्याला नुसत्या मटणाच्या रश्शावर वाढवितां येत नाहीं. यामुळें पूर्वीं एकेका प्रयोगास एकेक बैल खर्ची पडे. १९४९ सालीं अमेरिकेंत एन्डर्स, वेलर व रॉबिन्स या तिघांनीं पोलिओचा विषाणु जिवंत प्राण्याबाहेर, कांचेच्या नळींत वाढविलेल्या पेशींवर पोसून दाखविला. त्याबद्दल १९५४ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. प्लाउराइट यांनीं आपले सहकारी फेरिस यांच्यासह हीच युक्ति बुळकांडीला लावली. वांसराचें मूत्रपिंड घेऊन त्याच्या पेशी सुट्या करावयाच्या, पोषक द्रवांत घालून ऊब दिली कीं त्या कांचेला चिकटून पातळ पडद्यासारख्या पसरतात. त्यावर विषाणु सोडला म्हणजे थोड्या दिवसांत पडद्याला भोंकें पडूं लागतात, शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून मोठाल्या राक्षसी पेशी बनतात, आणि त्या खुणांवरून विषाणु किती आहे तें मोजतां येतें. जें मोजावयास पूर्वीं गोठाभर गुरें लागत, तें आतां एका फळीवरच्या नळ्यांत होऊं लागलें. या दोघांचे पहिले निष्कर्ष १९५७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

विषाणु त्यांनीं निवडला तो मवाळ नव्हे. केनियांतल्याच काबेटे येथील प्रयोगशाळेंत कित्येक दशकें गुरांतून गुरांत जतन केलेला, हमखास प्राण घेणारा असा तो वाण होता. एका नळींतून दुसऱ्या नळींत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत अशा त्याच्या पाळ्या सुरू झाल्या, आणि मधून मधून प्रत्यक्ष गुरांवर परीक्षा होई. आरंभीच्या पाळ्यांतला विषाणु गुरें मारीच. पुढें मृत्यु थांबले, पण ताप राहिला. नव्वदीच्या सुमारास ताप, व्रण, ढाळ कांहींच उरलें नाहीं. जनावराला कांहीं टोचलें आहे हें त्याच्याकडे पाहून सांगतां येईना.

एखादा उतावळा संशोधक येथेंच थांबून लस बाजारांत आणता. माझ्या मतें प्लाउराइट यांचें मोठेपण यापुढेंच दिसतें. सौम्य झालेला विषाणु जनावरांच्या शरीरांत फिरून पुनः उग्र तर होणार नाहीं ना? म्हणून तो गुरांतून गुरांत फिरवून पाहिला. उग्रपणा परत आला नाहीं. टोचलेल्या जनावराजवळ न टोचलेलें बांधलें, तर त्याला संसर्ग होतो काय? झाला नाहीं. या रोगास अत्यंत हळव्या असलेल्या जाती, गाभण गाई, लहान वांसरें, सर्वांवर परीक्षा झाल्या. एकदां टोचलेल्या गुरांना वर्षांमागून वर्षांनीं खरा उग्र रोग टोचून पाहिलें. तीं ढिम्म हललीं नाहींत. एका टोचणींत बहुधा जन्माची निश्चिंती होते असें ठरलें. उणीव एकच: रोगप्रतिकारक गाईच्या पोटीं आलेल्या वांसराला चिकाच्या दुधांतूनच आईची शक्ति मिळते, आणि ती ओसरेपर्यंत लस त्याच्या अंगीं लागत नाहीं. म्हणून वांसरें मोठीं झाल्यावर पुनः गांठावीं लागत. लसीविषयींचा निर्णायक प्रबंध १९६२ सालीं छापला गेला. म्हणजे पहिल्या नळीपासून या निर्णयापर्यंत पांच-सहा वर्षें गेलीं.

लस सुधारली, पण तिचा खरा दाखला कांहीं वेगळ्याच ठिकाणीं मिळाला. टांझानियांतील सेरेंगेटीच्या माळांवर विल्डबीस्ट नांवाच्या, गाईसारख्या तोंडाच्या हरणांचे प्रचंड कळप चरतात. त्यांचीं वर्षाभराचीं पिल्लें दरसाल मोठ्या संख्येनें मरत. पशुवैद्यांत तर्क असा होता कीं, बुळकांडीचें मूळ घर या रानटी कळपांतच आहे. गाईबैलांना कितीही टोचलें तरी रानांतून ती परत येणारच. तसें असतें तर सारा खटाटोपच व्यर्थ ठरता. भोंवतालच्या मसाई लोकांच्या गुरांना लस टोचण्याचें काम चालूं होतें. त्या सुमारास प्लाउराइट व त्यांचे सहकारी विल्डबीस्टांचें रक्त तपासूं लागले. त्यांना आढळलें कीं, १९६३ नंतर जन्मलेल्या हरणांच्या रक्तांत रोग होऊन गेल्याची खूणच नाहीं. हरणांना कोणी टोचलें नव्हतें! गुरांतला रोग थांबतांच रानांतलाही थांबला. म्हणजे रोगाचें खरें घर गोठ्यांत होतें, रानांत तो पाहुणा म्हणून जाई. १९६० नंतर सुमारें अडीच लाख असलेले ते विल्डबीस्ट १९७७ पर्यंत बारा लाखांच्या वर गेले. जगांतून हा रोग काढतां येईल या आशेला खरा शास्त्रीय आधार मिळाला तो या रक्ताच्या थेंबांत, असें मला वाटतें. आणि प्रयोगशाळेंतल्या नळ्यांइतकेंच या हिंडण्याचें मोल मी मानतों.

विल्डबीस्टांचा आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. या हरणांच्या विण्याच्या हंगामांत त्यांच्या कुरणांजवळ गुरें नेलीं तर त्यांना डोळे व नाक पेटल्यासारखा एक जीवघेणा ज्वर होतो, असें मसाई गुराखी पिढ्यान्पिढ्या सांगत, आणि त्या दिवसांत गुरें दूर हांकीत. पुष्कळ शिकलेले लोक याला भाबडी समजूत म्हणत. प्लाउराइट यांनीं १९६० सालीं विल्डबीस्टांच्या अंगांतून त्या ज्वराचा विषाणु वेगळा काढून गुराख्यांना खरें ठरविलें. पुढें डुकरांच्या आफ्रिकी ज्वराचा विषाणु तिकडील रानडुकरांच्या बिळांत राहणाऱ्या गोचिडांत टिकून राहतो, इतकेंच नव्हे तर गोचिडाच्या मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढींतही उतरतो, हें त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं दाखविलें. १९७१ सालीं ते विलायतेस परतले. आपल्याच जुन्या कॉलेजांत अध्यापक, आणि नंतर १९८३ पर्यंत कॉम्प्टन येथील पशुरोग संशोधन संस्थेंत विभागप्रमुख होते. १९८१ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना आपले सभासद करून घेतलें.

लस हातीं आली म्हणजे रोग गेला असें आपण समजतों. येथें तसें झालें नाहीं. आफ्रिकेंत १९६२ ते १९७६ पर्यंत अनेक राष्ट्रांनीं मिळून एक मोठी मोहीम चालविली. रोग जवळजवळ दिसेनासा झाला आणि लागलीच पैसा आटला, उत्साह आटला. दोन-तीन कोनाकोपऱ्यांत धुगधुगी होती ती कोणी विझविली नाहीं. १९८० नंतर सांथ पुनः भडकली आणि पूर्व-पश्चिम पसरली. टोचलेल्या गुरांच्या आंकड्यांवर समाधान मानावयाचें, आणि न टोचलेलें गुरूं कोठें आहे तें शोधावयाचें नाहीं, हें त्याचें कारण. माझ्या गांवच्या दडविलेल्या बैलांची आठवण येथें सहज होते. दुसरी अडचण उन्हाची. ही लस बर्फांतच जगे, आणि ज्या वाळवंटी मुलखांत रोग दडून बसला होता तेथें बर्फ कोठून न्यावयाचें? १९९० च्या सुमारास अमेरिकन पशुवैद्य जेफ्री मॅरिनर यांनीं प्लाउराइट यांचाच विषाणु अशा रीतीनें वाळविला कीं, लस कांहीं आठवडे बर्फाविना टिकूं लागली. ती झोळींत घालून गुराख्यांतलीच शिकविलेलीं माणसें पायीं हिंडलीं, आणि सरकारी मोटार जेथें जात नव्हती तेथलीं गुरें टोचलीं गेलीं.

आपल्या देशांत बुळकांडीविरुद्धची राष्ट्रीय योजना १९५४ सालीं बोकडाच्या लसीवरच सुरू झाली, आणि पुढें क्रमाक्रमानें प्लाउराइट यांच्या पेशीसंवर्धित लसीनें तिची जागा घेतली. तरी दक्षिणेंत रोग रेंगाळत राहिला. १९९२ पासून युरोपीय राष्ट्रसंघाच्या साह्यानें नेटाची मोहीम झाली आणि १९९५ सालीं तामिळनाडूंत शेवटची सांथ नोंदली गेली. त्यापुढचें काम सर्वांत कठीण, आणि ऐकणाराला विचित्र वाटेल असें: लस टोचणें बंद करावयाचें! कारण टोचलेल्या जनावराचें रक्त आणि रोगांतून उठलेल्या जनावराचें रक्त तपासणींत सारखेंच दिसतें. टोचणी चालूं आहे तोंवर रोग गुप्तपणें वावरतो आहे कीं खरोखरच गेला आहे, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. ज्या कवचावर चाळीस वर्षें भिस्त ठेवली तें उतरवून, गुरें उघडीं सोडून, गांवोगांव लक्ष ठेवून वाट पाहावयाची, याला छाती लागते. आपल्या पशुवैद्यांनीं ती दाखविली, आणि २००६ सालीं भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त असल्याचें आंतरराष्ट्रीय कचेरीनें मान्य केलें.

१९९९ सालीं प्लाउराइट यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या वेळीं असा हिशेब मांडण्यांत आला कीं, १९६५ ते १९९८ या काळांत या लसीमुळें जें अधिक अन्न पिकलें त्याचें मोल एकट्या भारतांत २८,९०० कोटी डॉलर होतें आणि आफ्रिकेंत ४,७०० कोटी. असल्या अवाढव्य अंदाजांवर माझी फारशी श्रद्धा नाहीं. पण या रोगांत जोडी न गमावतां आपल्या कुणब्यांनीं किती पेरण्या साधल्या असतील, याचा अदमास कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला करतां येईल.

जगांतली शेवटची बुळकांडी २००१ सालीं केनियांतल्या रानरेड्यांत आढळली, म्हणजे ज्या देशांत लस जन्मली त्याच देशांत. त्यानंतर दहा वर्षें सर्व देशांची तपासणी चालली. ती पुरी होण्यापूर्वींच, फेब्रुवारी २०१० मध्यें, वयाच्या शह्यांशीव्या वर्षीं प्लाउराइट निवर्तले. २५ मे २०११ रोजीं पॅरिसच्या कचेरीनें आणि २८ जून रोजीं रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें बुळकांडी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. प्रयोगशाळांत कुप्यांतून गोठवून ठेवलेला विषाणु मात्र अजून उरला होता. प्लाउराइट ज्या पिरब्राइट संस्थेच्या सेवेंत कांहीं वर्षें होते, तिच्यापाशीं त्याचा सर्वांत मोठा साठा होता. प्रत्येक वाणाची अनुवंशिक लिपि उतरवून घेऊन तो साठा तिनें २०१९ सालीं जाळून टाकला. लसीचा वाण तेवढा, न जाणो कधीं पुनः गरज पडली तर हाताशीं असावा म्हणून, निवडक प्रयोगशाळांतून बर्फांत राखून ठेवलेला आहे.